चिप परकी, म्हणून डोळाही परका?

१/
बेंबळी, जिल्हा धाराशिव. खरिपाचे सोयाबीन वाढीला लागले की येथील शेतकरी बांधावर उभा राहतो, मोबाइल पुढे धरतो आणि पिकाचे छायाचित्र काढतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने सातबाऱ्यावरील पीकनोंदीचा मार्ग असा बदलला. पूर्वी ती नोंद तलाठ्याच्या नजरेवर अवलंबून असे. आता तिच्या आरंभी सिलिकॉनची नजर असते.

२/
ही नजर आली कुठून? समाजमाध्यमांवर या प्रश्नाची दोन ठरावीक उत्तरे फिरतात. एक : बेल लॅब्जमधील दोन शास्त्रज्ञांनी १९६९ साली तासाभरात डिजिटल कॅमेऱ्याचा शोध लावला. दुसरे : या इतिहासात भारताचा वाटा शून्य, येथे झाले ते परदेशी सुटे भाग जोडण्याचे काम. पहिले उत्तर अर्धवट आहे, दुसरे चुकीचे आहे, आणि दुसऱ्याचा जन्म पहिल्यातूनच होतो. कॅमेरा म्हणजे केवळ चिप, आणि चिप म्हणजे केवळ एका तासातील एक कल्पना, असे एकदा मान्य केले की त्या तासाला त्या खोलीत नसलेला प्रत्येक जण इतिहासाबाहेर पडतो.

३/
प्रथम तो तास. १७ ऑक्टोबर १९६९, न्यू जर्सीतील मरे हिल. विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी त्या दिवशी 'चार्ज कपल्ड डिव्हाइस', म्हणजे सीसीडीचा आराखडा मांडला, हे खरे. पण त्यांच्यापुढे प्रश्न कॅमेऱ्याचा नव्हता, स्मृतीचा होता. बेल लॅब्जमध्ये तेव्हा 'मॅग्नेटिक बबल' नावाच्या स्मृतिसाधनावर काम चालू होते आणि त्याच्या तोडीचे काहीतरी सिलिकॉनमध्ये करता येते का, असा वरून रेटा होता. विद्युतभाराचे लहान लहान पुंजके सिलिकॉनच्या पृष्ठभागावरून एका जागेवरून शेजारच्या जागेवर सरकवत न्यायचे, ही त्यांची युक्ती. तिचा उपयोग प्रतिमा टिपण्यासाठीही होऊ शकेल हे लवकरच लक्षात आले. तरीही 'कॅमेऱ्याचा शोध' हे त्या दिवसाचे नाव नंतर दिले गेलेले आहे.

४/
ही युक्ती समजून घ्यायची तर पावसाळ्यातील अंगण डोळ्यांपुढे आणावे. अंगणभर ओळींत घागरी मांडल्या आहेत. ज्या घागरीत जितके पाणी पडले, तितका त्या जागी प्रकाश. पाऊस थांबला. आता मोजायचे आहे; पण मापाडी एकच, आणि तो अंगणाच्या कोपऱ्यात बसलेला. मग प्रत्येक घागरीतील पाणी शेजारच्या रिकाम्या घागरीत, तिथून पुढच्या घागरीत, असे थेंबही न सांडता कोपऱ्यापर्यंत पोहोचवायचे. सीसीडी ती हीच. बॉइल आणि स्मिथ यांचे श्रेय या ओतण्याचे आहे.

५/
पण घागरीत पाऊस साठवून मग मोजावा, ही कल्पना त्यांच्या आधीची. फेअरचाइल्ड कंपनीतील जीन वेकलर यांनी १९६७ साली दाखवून दिले होते की प्रकाशामुळे निर्माण होणारा विद्युतभार सिलिकॉनच्या डायोडमध्ये काही काळ साठू द्यावा आणि नंतर वाचावा. क्षणोक्षणी प्रकाश मोजत बसण्यापेक्षा साठवून मोजणे कितीतरी अधिक संवेदनशील ठरते. हा पाया नसता तर ओतायला पाणीच नसते.

६/
आणि १९६८ साली इंग्लंडमधील प्लेसी कंपनीच्या पीटर नोबल यांनी आणखी एक गोष्ट मांडली : ओतण्याची यातायात टाळावी आणि प्रत्येक घागरीपाशी तिचा स्वतंत्र मापाडीच बसवावा. म्हणजे प्रत्येक पिक्सेलमध्ये एक प्रवर्धक ट्रान्झिस्टर. कल्पना काळाच्या पुढे होती. तेव्हाचे ट्रान्झिस्टर आकाराने मोठे, घागरीची जागा खाणारे. शिवाय हजार मापाड्यांची मापे हजार तऱ्हेची, त्यामुळे चित्रावर कायमचे डाग उमटत. एकाच मापाड्याचा सीसीडी त्या काळात जिंकला तो यामुळे.

७/
पुढची पंचवीस वर्षे सीसीडीची. मात्र १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'प्रत्येक घागरीला मापाडी' ही रचना पुन्हा हाती घेतली. ट्रान्झिस्टर आता पुरेसे लहान झाले होते. ओतण्याची सीसीडीची युक्ती त्यांनी फक्त पिक्सेलच्या आत, एका पावलापुरती ठेवली. त्यातून आजचा सीमॉस सेन्सर घडला. याच प्रयोगशाळेत या कामात खरगपूर आयआयटीचे बेदब्रत पाईन होते. पुढे त्यांनी 'चितगाँग' हा चित्रपट केला. (इतिहासाच्या विद्यार्थ्यांना चित्रपट आठवतो, सेन्सर नाही, असो.)

८/
तात्पर्याने, बेंबळीच्या बांधावरील मोबाइलचा डोळा मुख्यतः वेकलर-नोबल-फॉसम या वंशातील आहे. २००९ साली पदार्थविज्ञानाच्या नोबेलचा अर्धा वाटा बॉइल आणि स्मिथ यांना मिळाला. पीटर नोबल यांना नोबेल मिळाले नाही.

९/
त्या नोबेलवरून घरातच वाद झाला, हे प्रेरणादायी पोस्टमध्ये येत नाही. बेल लॅब्जमधीलच मायकेल टॉम्पसेट यांच्या एकट्याच्या नावावर 'चार्ज ट्रान्सफर इमेजिंग डिव्हाइसेस'चे अमेरिकी पेटंट आहे, १९७८ साली मंजूर झालेले. सीसीडीने प्रत्यक्ष चित्र कसे घ्यावे याचा मार्ग त्यांनी दाखवला. पुरस्कार जाहीर झाल्यावर त्यांनी आणि त्यांचे सहकारी यूजीन गॉर्डन यांनी जाहीर आक्षेप घेतला : पुरस्काराच्या शब्दांत 'प्रतिमा टिपणारे मंडल' आहे, आणि ते काम या दोघांचे नाही. २०१७ साली क्वीन एलिझाबेथ अभियांत्रिकी पुरस्कार फॉसम, स्मिथ, जपानचे नोबुकाझू तेरानिशी आणि टॉम्पसेट या चौघांना मिळाला. एका तासाची गोष्ट अशी चार माणसांची आणि निदान पाव शतकाची निघते.

१०/
आता दुसरे उत्तर. 'भारताने काय केले? फेअरचाइल्डची चिप घेतली आणि डब्यात बसवली.'

११/
या वाक्यातील तपशील खरा आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. १७ मार्च १९८८ रोजी सोव्हिएत रॉकेटावरून बैकानूरहून गेलेल्या आयआरएस-१ए या भारतीय दूरसंवेदन उपग्रहातील कॅमेऱ्यांत फेअरचाइल्डचे सीसीडी होते. एका ओळीत २०४८ पिक्सेल असलेले. पण याच मापाने पाहायचे तर १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी जो पहिला हातात धरण्याजोगा डिजिटल कॅमेरा जुळवला, त्यातील १०० × १०० पिक्सेलचा सीसीडीही फेअरचाइल्डचाच होता, कोडॅकचा नव्हे. सॅसन यांना कोणी 'जोडारी' म्हणत नाही. मग अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राला ते विशेषण का?

१२/
अहमदाबादचे काम समजण्यासाठी नऊ वर्षे मागे जावे लागते. ७ जून १९७९ रोजी भास्कर-१ कक्षेत गेला. त्यात दूरचित्रवाणीच्या जातीचे व्हिडिकॉन नळीचे कॅमेरे होते : काचेची निर्वात नळी, आत इलेक्ट्रॉनांचा झोत, आणि त्यासाठी उच्च विद्युतदाब. कक्षेत गेल्यावर नेमका हा उच्च दाबच घातक ठरला. मंडलात अडकून राहिलेल्या वायूमुळे विद्युतस्राव होण्याचा धोका निर्माण झाला आणि कॅमेरे कित्येक महिने सुरूच करता आले नाहीत. वायू निघून गेल्यावर, १९८० च्या मे महिन्यात, एक कॅमेरा चालू झाला. दिसणारे चित्रही ढोबळ. एक पिक्सेल सुमारे एक किलोमीटरचा. धाराशिव शहर त्यात दोन-चार ठिपक्यांत आटोपले असते.

१३/
सिलिकॉनला नळी लागत नाही, झोत लागत नाही, हजारो व्होल्ट लागत नाहीत. ३१ मे १९८१ रोजी एसएलव्ही-३ ने नेलेल्या ३८ किलोच्या रोहिणी आरएस-डी१ मध्ये घनावस्था कॅमेरा होता. कक्षा खालची मिळाली आणि उपग्रह नऊ दिवसांत वातावरणात परतला. १७ एप्रिल १९८३ च्या आरएस-डी२ मधील 'स्मार्ट सेन्सर' कॅमेऱ्याने मात्र २५०० हून अधिक चित्रे पाठवली. एसएलव्ही-३ म्हटले की डॉ. कलाम आणि रॉकेट हे कोणालाही आठवते, आणि ते योग्यच आहे. पण रॉकेटने नेले काय, हा प्रश्न मराठी पाठ्यपुस्तकी स्मरणात जवळजवळ विचारलाच जात नाही. घोड्याचे पोवाडे आणि स्वाराचे नाव गायब, असा हा प्रकार.

१४/
मोठा निर्णय त्यापुढचा. जमिनीचे चित्र घेण्याचा त्या काळातील प्रस्थापित मार्ग होता अमेरिकेच्या लँडसॅटचा. १९७२ पासून त्यातील बहुवर्णपटीय स्कॅनरमध्ये एक आरसा सतत डावी-उजवीकडे हलत असे आणि चार वर्णपट्ट्यांसाठी सहा-सहा, म्हणजे अवघ्या चोवीस संवेदकांपुढून सारी जमीन फिरवत असे. कुंचा घेऊन अंगण झाडावे, एकेक फटकारा मारत, तशी ही रीत. प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला सुमारे दहा मायक्रोसेकंद येत.

१५/
अहमदाबादने दुसरी रीत निवडली. पिक्सेलांची लांब ओळ उपग्रहाच्या मार्गाला आडवी धरायची आणि उपग्रहाच्या गतीनेच ती पुढे सरकू द्यायची. अंगणाएवढ्या रुंद खराट्याने एका दमात झाडत जावे तशी. हलणारा भाग एकही नाही. ९०४ किलोमीटर उंचीवरील आयआरएस-१ए ला ७२.५ मीटरची एक ओळ ओलांडण्यास ११.२ मिलिसेकंद लागत, आणि तेवढा सर्व वेळ प्रत्येक पिक्सेल प्रकाश साठवत असे. दहा मायक्रोसेकंदांच्या तुलनेत हजारपटीहून अधिक. घागर जास्त वेळ पावसात राहिली, इतकेच. पण त्यामुळे लहानशा भिंगावर काम भागले.

१६/
हे फुकट मिळाले नाही. आरशाच्या पद्धतीत चोवीस संवेदकांची मापे जुळवायची असतात. येथे एका कॅमेऱ्यात प्रत्येक वर्णपट्टीला २०४८. त्यांतील प्रत्येकाचा स्वभाव किंचित वेगळा, आणि तो दुरुस्त केला नाही तर सगळ्या चित्रावर उभ्या रेघा. शिवाय प्रत्येक पट्टीसाठी वेगळे भिंग आणि वेगळा सीसीडी. लिस-१ हा एक कॅमेरा, लिस-२ चे दोन, प्रत्येकात चार, म्हणजे बारा भिंगे, बारा चिपा. निळ्या पट्टीत जे शेत ज्या पिक्सेलवर पडते, तेच शेत अवरक्त पट्टीतही त्याच पिक्सेलवर पडले पाहिजे. एका पिक्सेलची रुंदी १३ मायक्रोमीटर. रॉकेटचा हादरा, मग कक्षेतील ऊन-सावलीचा खेळ, आणि या सगळ्यात बारा नळ्या पिक्सेलच्या अंशाइतक्या अचूक एका दिशेला रोखून ठेवायच्या. फेअरचाइल्डच्या खोक्यात हे मिळत नव्हते. 'जोडकाम' हा शब्द वापरणाऱ्याने निदान एकदा दोन दुर्बिणी एकाच ताऱ्यावर लावून पाहाव्यात.

१७/
'पण फ्रान्सने आधी केले.' केले. स्पॉट-१ हा २२ फेब्रुवारी १९८६ चा, आणि त्याचे चित्र अधिक बारीक. १९८७ साली जपानच्या एमओएस-१ नेही हाच मार्ग धरला. पहिलेपणाचा दावा येथे नाहीच. दावा एवढाच की ज्या वेळी हा निर्णय अहमदाबादेत झाला, त्या वेळी तो सिद्ध झालेला मार्ग नव्हता. १९७२ पासून आरसा हलवत आलेली लँडसॅट मालिका रुंद खराट्याकडे वळली ती लँडसॅट-८ मध्ये, ११ फेब्रुवारी २०१३ रोजी. आयआरएस-१ए नंतर पंचवीस वर्षांनी.

१८/
न्यायाने हेही सांगितले पाहिजे की अमेरिकन अभियंते झोपले नव्हते. सिलिकॉनची दृष्टी सुमारे १.१ मायक्रोमीटरपाशी संपते. त्यापलीकडील अवरक्त आणि उष्णतेच्या पट्ट्या लँडसॅटला हव्या होत्या. त्यासाठी वेगळ्या पदार्थांचे, थंड ठेवावे लागणारे संवेदक लागतात, आणि त्यांच्या लांब ओळी तेव्हा सहजी मिळत नव्हत्या. अहमदाबादने त्या पट्ट्यांवर पाणी सोडले आणि सिलिकॉनला जे दिसते तेवढ्यात चार पट्ट्या बसवल्या : निळी, हिरवी, लाल, निकट-अवरक्त. पीक, पाणी आणि माती यांसाठी त्या पुरेशा होत्या. गरज ओळखून केलेली ही निवड होती, आणि अशी निवड हीच अभियांत्रिकी असते.

१९/
या निवडीचे मोल बेंबळीच्या मोजणीत सांगता येते. लिस-१ चा एक पिक्सेल ७२.५ × ७२.५ मीटर, म्हणजे सुमारे ५२ गुंठे. एक एकर बारा गुंठे. लिस-२ चा एक पिक्सेल सुमारे १३ गुंठे. भास्करचा ठिपका शंभर हेक्टरांचा होता. त्यात माळ, ओढा, ज्वारी आणि वस्ती एकाच राखाडी रंगात मिसळून जात. ५२ गुंठ्यांवर येताच शिवार वेगळे दिसू लागते : कुठे काळी जमीन, कुठे मुरमाड, कुठे ओढ्याकाठची ओल. दर २२ दिवसांनी तोच उपग्रह त्याच शिवारावरून जात असे.

२०/
१९८६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पेयजल तंत्रज्ञान मोहिमेत विंधन विहिरींच्या जागा शोधण्यासाठी उपग्रहचित्रांवरून देशभर जिल्हावार भूजल-नकाशे तयार झाले. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही १९८८ चेच. मराठवाड्यासारख्या बेसाल्टच्या प्रदेशात पाणी खडकातील भेगा आणि सांध्यांच्या आधाराने राहते, आणि अशा भेगांच्या लांब रेषा बांधावर उभे राहून दिसत नाहीत. नऊशे किलोमीटरवरून दिसतात. अशा प्रदेशातील माणसाने त्या डोळ्याचा इतिहास 'परक्यांचा' म्हणून सोडून द्यावा, हे अज्ञान महागाचे आहे.

२१/
येथवर आल्यावर तिसरी चूक हमखास डोके वर काढते, आणि ती मराठी समूहांत सर्वाधिक लाडकी आहे. 'म्हणजे यात आपला माणूस होता तर!' होता. कोल्हापुरात १९२५ साली जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस हे १९८१ ते १९८५ या काळात, म्हणजे आयआरएस-१ए चे कॅमेरे घडत असताना, अवकाश उपयोग केंद्राचे संचालक होते. उपग्रह अवकाशात गेला तेव्हा त्या पदावर पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे होते. चिटणीस यांचे ऑक्टोबर २०२५ मध्ये, वयाची शंभरी पूर्ण करून, पुण्यात निधन झाले. साराभाईंचे सहकारी आणि १९७५-७६ च्या 'साइट' या उपग्रह-दूरचित्रवाणी प्रयोगाचे धुरीण म्हणून ते ओळखले जातात. (त्या प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २४०० गावे होती. शेजारचा गुलबर्गा जिल्हा होता, महाराष्ट्र नव्हता.)

२२/
पण म्हणून चिटणीस यांना 'भारतीय डिजिटल कॅमेऱ्याचे जनक' ठरवणारी पोस्ट जर कोणी उद्या करणार असेल, तर ती बॉइल-स्मिथ यांच्या एका तासाइतकीच खोटी असेल. केंद्रातील संवेदकांच्या कामाचे तांत्रिक नेतृत्व जॉर्ज जोसेफ यांचे. ते मल्याळी, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून अहमदाबादला आलेले. आणि त्यांच्या मागे भिंगे घासणारे, मंडले जुळवणारे, एकेका पिक्सेलचे माप नोंदवणारे कितीतरी जण. चिटणीस आणि काळे यांचा वाटा होता तो संस्था चालवण्याचा, निर्णयामागे उभे राहण्याचा, आणि तो पुरेसा मोठा आहे. त्याला जनकत्वाचे तुरे लावण्याची गरज नाही. बेल लॅब्जमधील दोघांचे देव्हारे मोडायचे आणि त्याच जागी कोल्हापूरचा एक बसवायचा, याला इतिहास म्हणत नाहीत.

२३/
आणि जे झाले नाही तेही लिहिले पाहिजे. भारताने तेव्हा स्वतःचा सीसीडी अवकाशात नेला नाही. मोहालीची सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स ही सरकारी कंपनी १९८४ मध्ये चिपा बनवू लागली होती. ७ फेब्रुवारी १९८९ रोजी, आयआरएस-१ए कक्षेत जाऊन वर्षही झाले नव्हते, तिचा कारखाना आगीत गेला. भिंग, मंडल, मोजणी, उपग्रह हे सारे हाती असताना डोळ्यातील बाहुली मात्र विकत घ्यावी लागली, ही उणीव खरी आहे आणि आजही पुरती भरलेली नाही. बाजारातील बहुतेक मोबाइलच्या कॅमेऱ्यांत सोनी, सॅमसंग किंवा ओम्निव्हिजन यांचे सेन्सर असतात. 'संपूर्ण स्वदेशी' असा शिक्का आयआरएस-१ए वर मारणारे लोक ही उणीव झाकतात, आणि झाकलेल्या उणिवेचा जाब कोणी कुणाला विचारत नाही. मोहालीची आग मराठी चर्चेत कितीदा येते, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

२४/
तेव्हा आयआरएस-१ए विषयीची नोंद अशी असावी : चिपा फेअरचाइल्डच्या, रॉकेट सोव्हिएत, कॅमेरा अहमदाबादचा. तांत्रिक नेतृत्व जॉर्ज जोसेफ. केंद्राचे संचालक आधी चिटणीस, उड्डाणाच्या वेळी काळे. सात बिटांत, म्हणजे १२८ छटांत, प्रत्येक ५२ गुंठ्यांचा हिशेब. यातील एकही नाव गाळू नये आणि एकही वाढवू नये.